पंधरावा अध्याय पाठ करताना: क्रम, सांधे आणि नेहमीच्या चुका

गीताजयंती जवळ आली की इंदूरच्या मराठी घरांत गीतेच्या पंधराव्या अध्यायाची लगबग सुरू होते. रामबागेत जा, लोकमान्य नगरात जा, प्रकार तोच. मूल महिनाभर रोज पुस्तकातून वाचतं, घरी घडाघडा म्हणतं, आणि पाठांतराच्या स्पर्धेत चौथ्या श्लोकावरून थेट सातव्यावर उडी मारतं. घरचे म्हणतात, घाबरला बिचारा. बहुतेक वेळा तो घाबरलेला नसतो, श्लोक पाठच झालेले नसतात. पुस्तक समोर असताना ओळ ओळखीची वाटणं वेगळं आणि पुस्तक नसताना ती आठवणं वेगळं. महिनाभर सराव झाला तो पहिल्या गोष्टीचा, आणि परीक्षा होते दुसऱ्या गोष्टीची.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर नेमकं हेच तपासलं होतं. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून रात्री अकरा वेळा वाचलं की "झालं पाठ" असं वाटतं आणि दोन दिवसांनी त्यातलं निम्मं गळलेलं असतं.

इथे पंधरावा अध्याय घेतलाय, कारण २० श्लोकांचा असल्याने बहुतेक घरं त्यापासूनच सुरुवात करतात. मोठ्यांनाही हाच क्रम लागू आहे.

## तयारी

### १. दिवस मोजून सुरुवात करा

गीताजयंती मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला. कोजागिरीपासून मोजलं तर जवळपास आठ आठवडे मिळतात, लक्ष्मीपूजनापासून मोजलं तर सहाहून थोडे कमी. कोजागिरीला सुरुवात करा. मुलांसाठी दिवसाला एक श्लोक, आठवड्यातले पाच दिवस नवीन आणि दोन दिवस फक्त उजळणी. असे चार आठवड्यांत २० श्लोक होतात. दिवाळीच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका, तेव्हा घरात कुणाचंच लक्ष ठिकाणावर नसतं. तरीही शेवटचे तीन आठवडे हातात राहतात, आणि खरं काम त्या तीन आठवड्यांतच होतं.

दिवाळीनंतर जागं होऊन रोज तीन-तीन श्लोक कोंबणारी घरं दरवर्षी दिसतात. तसं करण्यापेक्षा दहा श्लोक पक्के करून पुढच्या वर्षी वीस म्हणावेत. अर्धवट वीसपेक्षा पक्के दहा मुलाच्या जास्त कामाचे.

### २. प्रत एक, आवाज एक

सकाळी आजीचं जुनं पुस्तक, दुपारी मोबाईल, संध्याकाळी आणखी कुणाचं रेकॉर्डिंग, असं करू नका. ओळ पानावर कुठे येते, कुठे मोडते, हेसुद्धा डोळ्यांत बसत असतं. प्रत बदलली की तो आधार जातो.

एक ठिकाण आधीच ठरवून टाका. तिसऱ्या श्लोकात "सुविरूढमूलमसङ्गशस्त्रेण" हे काही प्रतींत सलग छापतात आणि काहींत "सुविरूढमूलं असङ्गशस्त्रेण" असं तोडून. चरण संपतो तो "मूल"वर, पण श्वास घ्यायला "मूलम्" सोयीचं पडतं. दोन्ही चालतं. मुलाला मात्र घरात एकच ऐकू आलं पाहिजे.

तपासा: आई, आजी आणि रेकॉर्डिंग तिघं तिसरा श्लोक सारखाच तोडतात का? नसतील तर आधी मोठ्यांनी आपसात ठरवा.

### ३. गोष्ट मराठीत सांगता आली पाहिजे

एकही संस्कृत ओळ पाठ करण्याआधी अध्यायाचा सांगाडा मुलाला त्याच्या शब्दांत सांगता यायला हवा. तो असा:

१-२: वर मुळं आणि खाली फांद्या असलेलं झाड.
३-४: ते झाड कापायचं आणि परत यावं लागत नाही ती जागा शोधायची.
५-६: तिथे कोण पोचतं, आणि ती जागा कशी आहे.
७-११: जीव शरीरात येतो, इंद्रियांतून भोग घेतो, निघून जातो, कुणाला हे दिसतं, कुणाला दिसत नाही.
१२-१५: "मी कुठे आहे" हे भगवंत सांगतात: सूर्यचंद्रात, मातीत, पोटातल्या अग्नीत, हृदयात.
१६-१८: क्षर (नाश पावणारा), अक्षर (नाश न पावणारा), आणि दोघांच्या पलीकडचा पुरुषोत्तम.
१९-२०: हे जाणणाऱ्याला काय मिळतं.

"लहान मुलाला अर्थ काय कळणार" हे मला अजिबात पटत नाही. तत्त्वज्ञान नसेल कळत, पण झाड, कुऱ्हाड, सूर्य, पोटातला अग्नी हे सात वर्षांच्या मुलालाही कळतं. स्पर्धेत शब्द हरवला तर "झाड कापून झालं, आता पोचायचं कुठे" एवढ्या आठवणीवर पाचवा श्लोक वर येतो. नुसत्या नादावर पाठ केलेल्याला एकदा नाद तुटला की धरायला काहीच उरत नाही.

## पाठ करण्याचे टप्पे

### ४. आधी उच्चार आणि पदं, पाठांतर नंतर

चुकीचा उच्चार पाठ झाला की सोडवणं महाकठीण. इंदूरच्या मुलांची अडचण जरा वेगळी आहे. घरी मराठी, शाळेत आणि गल्लीत हिंदी, त्यामुळे एकाच श्लोकात दोन्ही उच्चार मिसळतात. पाचव्या श्लोकातला "सुखदुःखसंज्ञैः" हा शब्द मुलाकडून म्हणवून घ्या, बहुतेक सगळं तिथेच कळतं. "ज्ञ" हिंदी वळणाने "ग्य" होतो का मराठी वळणाने "द्न्य", आणि "ऐ" हिंदीतल्या "है"सारखा पसरट होतो का? "ज्ञ"साठी घरात एक वळण ठरवा आणि दहाव्या-पंधराव्या श्लोकातही तेच ठेवा. "ऐ"बाबत मात्र सूट देऊ नका. "वैश्वानरो", "चैनं", "वेदैश्च" यांत अ आणि इ जोडून ऐकू आले पाहिजेत.

उलट "च"च्या बाबतीत हिंदी बोलणारं मूल बरोबर असतं आणि घरचे मोठे चुकतात. "एव च" म्हणताना "तोच"मधला च लावू नका, "चंद्र"मधला लावा. "ओजसा"चा ज "जन्म"मधला, "जाळं"मधला नाही. शेवटचा अ गिळायचा नाही: "एव च" म्हणजे "एव् च्" नव्हे. आणि "भासयतेऽखिलम्"मधल्या त्या ऽ चिन्हाला स्वतःचा आवाज नाही. मुलं तिथे उगाच "आ" ओढतात.

मग पदं सोडवा. आठव्या श्लोकाचा शेवट "वायुर्गन्धानिवाशयात्" हा आहे. न सोडवता पाठ केला तर मूल "गन्धा, निवा, शयात्" असं तोडतं, आणि अशा निरर्थक तुकड्यांत पुढेमागे चूक होणारच. "वायुः, गन्धान्, इव, आशयात्": वारा जसा फुलांतून वास उचलून नेतो तसा. एकदा सोडवून अर्थ सांगितला की तो शब्द पुन्हा सोडवावा लागत नाही. सतराव्यातलं "परमात्मेत्युदाहृतः" असंच: "परमात्मा, इति, उदाहृतः".

### ५. चाल कुठे बदलते ते आधी दाखवा

अध्यायातले बहुतेक श्लोक अनुष्टुभ आहेत, चरणाला आठ अक्षरं. पण २, ३, ४, ५ आणि १५ हे लांब चरणांचे आहेत, अकरा-अकरा अक्षरांचे. तिसऱ्याचा पहिला चरण, "न रूपमस्येह तथोपलभ्यते", मोजलात तर बारा भरतात. मूल पहिला श्लोक एका चालीत म्हणतं, दुसऱ्याला चाल बदलते, आणि सहाव्याला परत पहिली येते. हे न सांगता दोन-चार दिवस गेले तर ते लांब चरणाला आठाच्या मापात बसवायला बघतं आणि अक्षरं खातं.

पुस्तकात या पाच श्लोकांसमोर पेन्सिलीने उभी रेघ मारा. रंगीत पेनांचा पसारा नको, एक खूण पुरे.

सावधान: चौदाव्याकडून पंधराव्यात जाताना चाल एकदम लांबते आणि सोळाव्यात लगेच आखडते. बरीच मुलं अडतात ती जागा ही. त्यासाठी वेगळा सराव ठेवा.

### ६. एक श्लोक पाठ करण्याची पद्धत

लेखाचा गाभा हा आहे. सावकाश करा, क्रम बदलू नका.

क. पुस्तकात बघून अर्धा श्लोक मोठ्याने तीनदा म्हणा. तीनदाच. तेविसाव्या वेळेला काही वेगळं होत नाही.

ख. पुस्तक बंद करा. उलटं ठेवू नका, बंद करा. मुलं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात आणि मोठेही बघतात.

ग. न बघता म्हणा. अडलात तर लगेच उघडू नका. मनात पाचापर्यंत मोजा आणि तेवढा वेळ ओळ शोधा. कामाचे ते पाचच अंक आहेत. शोधून सापडलेली ओळ टिकते, दाखवलेली ओळ घसरते.

घ. मग पुस्तक उघडून ताडून बघा. चूक असेल तर नुसता शब्द सुधारून पुढे जाऊ नका, त्या चरणाच्या सुरुवातीपासून पुन्हा म्हणा. नाहीतर "चूक, थांबणं, सुधारणा" हीच साखळी पाठ होते आणि स्पर्धेतही तसंच ऐकू येतं.

ङ. दोन्ही अर्ध्या स्वतंत्र आल्या की पूर्ण श्लोक म्हणा.

च. मध्ये दहा-पंधरा मिनिटं दुसरं काहीतरी करा. नळाला आलेलं नर्मदेचं पाणी भरा, दप्तर आवरा. मग न वाचता पुन्हा म्हणा. आला, तर आजचं काम झालं. नाही आला, तर "क"पासून एकदा.

रोज एकवीस वेळा वाचायचा नेम असेल तर तो जरूर करा, श्रद्धेने करा. पण तो पाठांतराच्या खात्यात धरू नका.

### ७. सांधे

श्लोक येतात आणि अध्याय येत नाही, अशी तक्रार असेल तर दोष सांध्यात असतो. श्लोकाच्या आत एक शब्द पुढचा शब्द ओढून आणतो, पण श्लोक संपल्यावर पुढचा कुठला हे कुणी सांगत नाही. वैदिकांच्या क्रमपाठात पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं अशी पदं जोडून म्हणतात. तीच युक्ती श्लोकांना लावा. नवा श्लोक झाला की मागच्याचा शेवटचा चरण आणि नव्याचा पहिला चरण, एवढंच पाच वेळा म्हणा. पूर्ण श्लोक नको, फक्त सांधा.

"तद्धाम परमं मम, ममैवांशो जीवलोके" हा सहा-सातचा सांधा आपोआप बसतो, कारण "मम"ला "मम" लागून येतो. तेरा-चौदाचा मुद्दाम बसवावा लागतो: "सोमो भूत्वा रसात्मकः, अहं वैश्वानरो भूत्वा". दोन्हीकडे "भूत्वा" आहे आणि मूल पहिल्या "भूत्वा"वरून दुसऱ्याच्या पुढे निघून जातं.

त्याचबरोबर वीस सुरुवातींची चिठ्ठी करा: ऊर्ध्व, अधश्च, न रूपम्, ततः, निर्मान, न तत्, ममैव, शरीरं, श्रोत्रं, उत्क्रामन्तं, यतन्तो, यदादित्य, गामाविश्य, अहं, सर्वस्य, द्वाविमौ, उत्तमः, यस्मात्, यो माम्, इति. ही यादी आधी ओघाने आणि नंतर आकड्यावरून आली पाहिजे. "अकरावा?" विचारलं की "यतन्तो".

तपासा: "न"ने सुरू होणारे श्लोक कोणते? (३ आणि ६.) "उ"ने? (१० आणि १७.) मुलाने विचार करून बरोबर सांगितलं तर सांधे बसलेत.

### ८. चकवे

या अध्यायातले दोन चकवे माहीत असले पाहिजेत.

पहिला: चौथ्यात "यस्मिन्गता न निवर्तन्ति भूयः" आणि सहाव्यात "यद्गत्वा न निवर्तन्ते". चौथा म्हणता म्हणता जीभ "निवर्तन्ते"वर गेली की पुढे "तद्धाम परमं मम" येतं, आणि अख्खा पाचवा गायब होऊन सातवा सुरू. वर सांगितलेली उडी ती हीच. आठवा अध्याय येणाऱ्या मोठ्यांना यात आणखी एक फाटा आहे, कारण त्यातल्या एकविसाव्याची दुसरी ओळ सहाव्याशी जवळपास तीच: "यं प्राप्य न निवर्तन्ते तद्धाम परमं मम".

दुसरा: सहावा आणि बारावा. सूर्य, चंद्र, अग्नी दोन्हीकडे त्याच क्रमाने आहेत. सहाव्यात तीनदा "न" आहे, कारण ते तिघं त्या जागेला उजळू शकत नाहीत. बाराव्यात तीनदा "यत्" आहे, कारण त्या तिघांतलं तेज माझं आहे. एवढा फरक अर्थासकट सांगितला की चकवा सुटतो.

सावधान: चकव्याचे दोन श्लोक एकाच दिवशी शिकवू नका. आधी दोन्ही स्वतंत्र पक्के होऊ द्या, मग शेजारी ठेवून फरक दाखवा. आधीच तुलना केली तर मुलाच्या डोक्यात गोंधळच पाठ होतो.

## पक्कं करणं

### ९. उजळणीचा क्रम

आज पाठ केलेला श्लोक उद्या सकाळी, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने. प्रत्येक वेळी आधी न बघता म्हणायचं आणि मग ताडायचं. सकाळी आधी वाचून घेऊन मग म्हणणं म्हणजे उजळणी नव्हे.

आणि दरवेळी पहिल्या श्लोकापासून सुरू करू नका. उजळणीतली ही सर्वात महाग पडणारी चूक. रोज पहिल्यापासून सुरुवात केली की पहिले पाच शंभर वेळा होतात आणि शेवटचे पाच दहा वेळा. मग "ऊर्ध्वमूल" कडकडीत आणि "द्वाविमौ"पासून आवाज खाली. सोमवारी सोळापासून, मंगळवारी सातपासून, बुधवारी बारापासून असं फिरवत रहा. घरच्या कुणीतरी आकडा सांगायचा आणि मुलाने तिथून शेवटपर्यंत जायचं.

### १०. ऐकणाऱ्याने काय करायचं

पुस्तक धरून बसणाऱ्या आजी-आजोबांना हात जोडून विनंती आहे: सोबत म्हणू नका. तुमचे नुसते ओठ हलले तरी मूल त्यावर चालतं आणि तुम्हाला वाटतं, छान येतंय की. मंडळात बसून सामूहिक म्हणतानाही तेच होतं, बाकीच्यांचा आवाज उचलून नेतो. सामूहिक पठण आनंदासाठी करा, तपासायचं असेल तर एकट्याला उभं करा.

मूल अडलं की पाच अंक थांबा. मग पहिलं अक्षर द्या, शब्द नाही. "नि…" एवढ्यावर "निर्मानमोहा" आला तर श्लोक तयार आहे आणि सांधा कच्चा. अक्षर देऊनही आला नाही तर श्लोकच कच्चा. दोन्हीचा इलाज वेगळा, म्हणून पुस्तकात सांध्याला टिंब आणि श्लोकाला फुली अशी खूण करत जा. चुका मध्येच ओरडून सांगू नका, शेवटी सांगा.

### ११. जागा बदला

पलंगावर बसून येणारा अध्याय मंचावर उभं राहून येईलच असं नाही. शेवटच्या तीन आठवड्यांत उभं राहून, चालताना, पुण्याच्या मावशीला व्हिडिओ कॉलवर, ओळख नसलेल्या शेजाऱ्यासमोर म्हणवून घ्या. सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीत वाजत असतं, तेव्हा मुद्दाम म्हणायला लावा. सभागृहातल्या कुजबुजीची सवय त्यात होते. अर्ध्यात अडवा, "पाणी पी" म्हणा, आणि जिथे सोडलं तिथूनच पुढे म्हणायला सांगा. पहिल्यापासून नाही.

वेगाच्या मागे लागू नका. एकदा मुद्दाम निम्म्या वेगाने म्हणवून घ्या. नुसत्या जिभेच्या सवयीवर चाललेलं पाठांतर संथ म्हणताना उघडं पडतं.

### १२. आदला दिवस आणि मंच

आदल्या दिवशी नवीन काही नाही, दुरुस्ती नाही. संध्याकाळी एकदा पूर्ण, एकदा वीस सुरुवाती, आणि वेळेवर झोप. त्या रात्री काका-काकू आले आणि "अरे, हा उच्चार असा नाही" म्हणाले, तर त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

मंचावर अडल्यास काय करायचं ते आधी ठरलेलं असावं: डोळे खाली, एक श्वास, चालू श्लोकाचा आकडा मनात, त्याची सुरुवात आठवून तिथून. मागचा श्लोक पूर्ण परत म्हणू नये. बहुतेक वेळा गाडी त्याच खड्ड्यात पुन्हा अडते.

### १३. नंतर

स्पर्धा झाली की पुस्तक कपाटात जातं आणि होळीपर्यंत निम्मा अध्याय उतरतो. जेवणाआधी पंधरावा म्हणायची पद्धत ज्या घरांत आहे तिथे तो राहतो. पण तिथेही पंधरवड्यातून एकदा मुलाला एकट्याने, मधल्या कुठल्यातरी श्लोकापासून म्हणायला लावा. सगळ्यांबरोबर म्हणताना खाल्लेली अक्षरं तेव्हाच ऐकू येतात.

बारावा अध्याय घ्यायचा असेल तर पंधराव्याची पंधरवड्याची उजळणी सलग दोनदा बिनचूक होईपर्यंत थांबा. तोही २० श्लोकांचा, आणि चाल सगळीकडे एकच असल्याने सोपा वाटतो. पण चौदापासून पुढे जवळपास प्रत्येक श्लोक "प्रिय"वर येऊन थांबतो, आणि चौदावा व सोळावा तर "यो मद्भक्तः स मे प्रियः" या एकाच चरणावर संपतात. तिथे पाठांतराला बसण्याआधी चकव्यांची यादी काढा.